कोठीतली माती

सिपोरा,

तुझ्या त्या शरदसरांना पुरस्कार मिळाला. कशाबद्दल, ते बसून वाच: 'अल्पखर्ची सर्जनशील कलाउपक्रमां'बद्दल! पेपरात जिल्ह्याच्या पानावर फोटो आहे. शाल, नारळ, हातात चकचकीत ढाल. मागे काचेचं कपाट दिसतंय, रिकामं. ते रिकामं का, हे फोटोखाली कुणी छापलेलं नाही. तिकडे इस्राएलमध्ये, डिमोनात हा पेपर तुला मिळायचा नाही, आणि मोबाइलवर पाठवला तर तू न बघता पुसून टाकशील. म्हणून लिहिते. तुझ्या तोंडून ही गोष्ट सरळ कधी बाहेर येणार नाही. कुणी विचारलं की "अहो, चिखल तर होता" म्हणून उठून जातेस. तर आता मी सांगते आणि तू गप्प बस. यातलं बरंचसं तूच मला, पेणला माझ्या घरी चहाच्या कपावर सांगितलेलं आहेस, थोडं मुलांनी, थोडं प्रविणने. कुठे चुकलं तर मागाहून भांड. आणि इथून पुढे तुला 'तू' म्हणत नाही. ज्यांनी तुला पाहिलेलंच नाही, त्यांना कळायला हवं.

सिपोरा अष्टमकर म्हणजे रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या हासाजी सुतारांची धाकटी मुलगी. त्या आळीत एकेकाळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं भरपूर होती. सिपोराच्या कळत्या वयात चार-पाच उरली आणि ती नोकरीला लागली तेव्हा हासाजींचं एकट्याचं. शुक्रवारी दिवस कलला की हासाजी रंधा, करवत, पटाशी सगळं एका जुन्या धोतरात गुंडाळून गाठ मारायचे. शनिवार त्यांच्यात विसाव्याचा, जमिनीवरचा भुसासुद्धा झाडायचा नाही. रविवारी सकाळी गाठ सुटली की तो भुसा आणि रंध्याखालच्या कुरळ्या साली सिपोराच्या. भाताच्या खळीने चिकटवून ती त्यांच्या बकऱ्या करायची, दिवसभर चारायची आणि संध्याकाळी बंबात घालायची. पाणी तापायचं. त्यासाठी ती कधी रडली नाही. पुढच्या आठवड्यात साली पुन्हा होत्याच की.

पुढे बी.ए. झाली, चित्रकला-शिक्षकाचं ए.टी.डी. केलं आणि पेणजवळच्या एका शाळेत लागली. वडखळच्या अलीकडे खाडीकडे रस्ता वळतो, तिथली शाळा. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांना शाळा सगळ्या सारख्याच. हुद्दा मोठा भारदस्त होता: अंशकालीन कला निदेशक. म्हणजे पूर्ण वेळ राबायचं, अर्ध्या वेळेचं मानधन घ्यायचं आणि दर जूनमध्ये "यंदा ठेवताय ना?" म्हणून तोंड वेंगाडायचं. सिपोरा तोंड वेंगाडायची नाही. वर्गाची किल्ली कुठाय तेवढं विचारायची आणि कामाला लागायची. सकाळच्या मेमू गाडीने रोह्याहून पेण, पेणहून मिनीडोर रिक्षा. फक्त शनिवारी यायची नाही, ते तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. जुने हेडमास्तर म्हणाले होते, "बाकीचे मास्तर शनिवारी येऊन तरी काय करतात?" आणि विषय संपला होता.

आधीच्या बाई मुलांना थर्माकोल, चमकी आणि कार्डशीट आणायला लावायच्या. आणणारी मुलं पुढच्या रांगेत, न आणणारी मागे, आणि पुढच्या रांगेतली निम्मी कामं आयांनी रात्री जागून केलेली. सिपोराने पहिल्याच तासाला बजावलं, "चित्रकलेसाठी दुकानाची पायरी चढलात तर याद राखा. आणाल ते घरातलं, नायतर वाटेवरचं." पुढे एका वर्षी प्रविण नावाच्या एका पोराने मेलेला खेकडा आणला. वर्गाने नाकं दाबली. तिने तो बाहेर फेकला नाही. "आणलास ना? आता सगळे पाय बघून नीट काढ. काढून झालं की टाक." पोराने तो असा काढला, की पुढचे दोन तास तिने फळ्यावर दुसरं काहीच येऊ दिलं नाही. प्रविणचं नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिचा वर्ग म्हणजे काय होतं हे सांगायचं तर आधी नाक तयार ठेवायला हवं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीतला कोळसा, कपड्यांची नीळ, हळदीचा वास, खाडीचा चिखल. हळदीत चुना कालवला की लालभडक होतं, हे पोरांनी घरी शंभरदा पाहिलेलं. पण वर्गात झालं की दर वर्षी आरोळी उठायचीच. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली आंब्याची काडी. लग्नसराई संपली की गावातल्या सगळ्या पत्रिका शाळेत यायच्या. छापील बाजू नवरानवरीची, कोरी बाजू आमची, असा तिचा कायदा. ह्याला कुणी 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हटलं की मात्र ती उसळायची. "कोळसा टाकाऊ कोणाच्या बापाचा? आणि टिकवायचं कशाला? लोणचं आहे का ते?"

आता माती. पेणच्या काळुरामचा गणपतीचा कारखाना आहे. त्याने शाडू सोडून प्लॅस्टर धरलं, त्या वर्षी मागच्या पडवीत शाडूची पोती पडून होती. सिपोरा दारात उभी राहिली तर म्हणाला, "घेऊन जावा बाई. आता हिला कोन विचारतो?" पोषण आहाराच्या तांदळाची झाकण मोडलेली एक कोठी शाळेत होती. तिच्यात ती माती पडली, आणि त्यानंतर सिपोराने मातीचं एक ढेकूळही बाहेरून आणलं नाही. सोमवारी काढायची, आठवडाभर पोरांनी मळायची, घडवायची, आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासाला सगळं मोडून पुन्हा कोठीत. वर पाणी, वर पोत्याचं ओलं किंतान. शनिवार-रविवार माती भिजायची. "माझ्याबरोबर तिलाही सुट्टी," म्हणायची. तीच माती वर्षानुवर्षं. आज डोलवीला कंपनीत शिफ्ट करणारे बाप ज्या मातीत बोटं घालून वाढले, तिच्यातच त्यांची पोरं. तिच्यात काय काय होऊन गेलं असेल! बैल, होड्या, आजीचा कान, मास्तरांचं टक्कल. प्रत्येक वस्तूच्या बुडाला अंगठा दाबायचा, ती सही. शुक्रवारी सही मोडायची, सोमवारी पुन्हा करायची.

पेणच्या पोरांच्या हातात शाडू दिला की गणपती होतो. हत्ती करा सांगा, उंदीर करा सांगा, सोंड फुटतेच आणि मांडीवर मोदक येतोच. पहिल्याच वर्षी एकाने विचारलं होतं, "बाई, डोळं काढू?"

सिपोरा थबकली. तिच्या घरात मूर्ती नाही, तिच्या हातून कधी घडलेली नाही, आणि वर्गातही ती पोरांना हात कसा चालवायचा ते दाखवायची पण स्वतः मूर्तीला बोट लावायची नाही. तरी ती इथलीच होती, आणि इथल्या माणसाला जे कळतं ते तिला कळत होतं. सोंड बसली, कान बसले, तरी गोळा तो गोळाच. आखणी झाली, डोळे उघडले, की बाप्पा. भटजी म्हणतील, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच. म्हणोत. डोळे काढलेल्या मूर्तीवर मोडायला हात उचलून दाखवा म्हणावं एखाद्या पेणकराला.

"डोळे नाय काढायचे," ती म्हणाली.

"का पन?"

"काढलेस तर तो बघेल. तो बघत असताना शुक्रवारी त्याला कोठीत ढकलशील?"

पोराने गोळ्याकडे पाहिलं, कोठीकडे पाहिलं. "नाय गो बाई."

"मग?"

तेव्हापासून तो वर्गाचा नियम. मोठी पोरं लहानांना सांगायची, लहान मोठी झाली की पुढच्यांना. कोणी लिहून ठेवला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

मग नवे हेडमास्तर म्हणून शरदसर आले. माणूस वाईट नाही असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी कुठे वाईट म्हणते? उत्साही आहे. उत्साही माणसाने जेवढी शाळा खराब होते तेवढी आळशाने होत नाही. आल्याआल्या त्यांनी दर वर्गाला एक उपक्रम दिला आणि दर उपक्रमाला एक फोटो. झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो. सिपोराच्या वर्गाचा फोटो यायचा तो चिखलाने माखलेल्या कोपरांचा, आणि तो वरच्या ऑफिसात पाठवायची त्यांना लाज वाटायची.

मुंबईच्या एका प्रतिष्ठानने कमी खर्चाच्या कलाउपक्रमांसाठी शाळा निवडायचं काढलं. निवडलेल्या शाळेला कलादालन, म्हणजे स्वतंत्र खोली, कपाटं, बेसिन. शरदसरांनी तिला बोलावलं.

"बाई, तुमचं काम उत्तमच आहे हो. पण ते दिसत नाही."

"तासाला येऊन बसा, दिसेल."

"तसं नाही. पाहुण्यांना दाखवायला काय आहे आपल्याकडे?"

"मुलं आहेत की."

"मुलं सगळ्याच शाळांत असतात, बाई."

हे वाक्य तिने मला सांगितलं तेव्हा मी चहाचा कप आदळला होता. तिने मात्र त्यांच्यासमोर वेगळाच प्रश्न विचारला. "त्या खोलीत नळ येईल?"

कारण पाणी हापशावरून आणावं लागायचं, आणि मातीच्या तासाला पोरांचे हात धुता धुता पुढचा गणिताचा तास बुडायचा, त्यावरून गणिताचे सर रोज कुरकुरायचे. नळ आला तर मातीवरची कुरकुर संपली. तिचा लोभ एवढाच होता.

"येईल की! बेसिनच येणार आहे."

"मग असं करू. पाहुणे सोमवारी येतायत ना? ह्या शुक्रवारी मोडत नाय. सोमवारी त्यांच्यासमोर मोडू."

"मोडू?"

"पोरं मोडतात ते बघण्यासारखं असतं, सर. पाहुण्यांच्याही हातात एकेक द्या. नंतर कोठी दाखवू. इतक्या वर्षांचा सगळा खर्च त्या एका कोठीत आहे. कमी खर्च म्हणजे आणखी काय असतं?"

शरदसर हसले. समोरचा हसला की त्याने 'हो' म्हटलं, असं धरून चालणारी माणसं फसतात. हासाजींच्या घरात वाढलेली ही बाई हिशेबाला पक्की, पण इथे फसली.

त्या शुक्रवारी वर्ग चुळबुळत होता. फळ्यांवर गणपती ओळीने मांडलेले. जनूचा सगळ्यात मोठा, सोंड उजवीकडे.

"जन्या, उजव्या सोंडेचा कडक असतो रे, घरात नाय ठेवीत," कुणीतरी भीती घातली.

"मी कुठं घरात ठेवतोय? कोठीतच जायचाय."

"कोठीत सगळ्या सोंडा चालतात," सिपोरा म्हणाली.

एकट्या शकूने गणपती केला नव्हता. तिची आई खाडीत निवट्या, म्हणजे चिखलात पळणारे मासे, पकडते. शकूने निवटी केली होती, कल्ले फुगवलेली, शेपूट उडवून चिखलातून पळण्याच्या बेतातली. "मना गणपती नाय जमत," म्हणाली.

"निवटी किती जणांना जमते?" सिपोराने ओलं किंतान सगळ्यांवर पसरलं. सुटताना दोघांतिघांनी पुन्हा विचारलं, "बाई, खरंच आज नाय मोडायचं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा शुक्रवार सुना गेला. तिलाही चुकल्यासारखं वाटलं असणार, कारण त्या दुपारी ती माझ्याकडे चहाला थांबली नाही. दिवेलागणीच्या आत अष्टमीला पोचायचं होतं, हेही खरंच.

शनिवारी शरदसरांनी प्रविणला बोलावलं. तोच, खेकडेवाला. आता काळुरामच्या कारखान्यात आखणीला बसतो. त्याच्याइतका डोळ्यावर हात बसलेला पोरगा पेणमध्ये दुसरा नाही. रंगाचा फवारा, पट्ट्या, सोनेरी डबी घेऊन आला. किंतान उचललं आणि विचारलं, "सर, बाईंना विचारलंय?"

"अरे, बाईंनीच तर ठेवलेत तुझ्यासाठी. एरवी मोडले नसते का?"

खोटं बोलावं तर असं, प्रत्येक शब्द खरा वाटेल असं. प्रविणने वाकड्या सोंडा सरळ केल्या. खपाटी पोटांना प्लॅस्टर भरलं. जनूची उजवी सोंड डावीकडे वळवली, कारण सर म्हणाले पाहुण्यांत कुणाला चालत नसेल तर? प्लायवूडवर बसवायला बुडं घासून सपाट केली. माती अजून ओली आहे असं तो म्हणाला, पण सरांना सोमवार गाठायचा होता. वर गुलाबी अंग, सोनेरी मुकुट, पितांबर. आणि शेवटी डोळे. ते त्याने जीव ओतून काढले. त्याला दुसरं येतच नाही.

शकूची निवटी हातात आली तेव्हा म्हणाला, "हे काय, सर?"

"ते बाजूला ठेव."

सोमवारी सिपोरा वर्गात शिरली आणि दारातच उभी राहिली. तीसएक गणपती तिच्याकडे बघत होते. काचेचं कपाट आलं होतं, आत दिव्यांची माळ होती, दाराला रिबीन होती. पोरं मागच्या भिंतीला चिकटून उभी, नवे गणवेश, कोरडे हात. मग जनू हळूच जवळ आला.

"बाई, माजा कंचा?"

मला आजही हे लिहिताना संताप येतो. तिसऱ्या रांगेतला पोरगा, आठवडाभर स्वतःच्या हातांनी घडवलेली वस्तू त्याच्यासमोर आहे, आणि तो विचारतोय माझा कोणता. बुड उलटं करून अंगठा शोधावा तर बूड प्लायवूडला चिकटलेलं.

पाहुणे आले. टाळ्या झाल्या, रिबीन कापली. शरदसर बोलले: ग्रामीण भागातली प्रतिभा, शून्य खर्च, टाकाऊपासून टिकाऊ. मग म्हणाले, "आमच्या कलेच्या बाई दोन शब्द बोलतील."

सिपोरा पुढे गेली. पाहुण्यांकडे तिने पाहिलंच नाही. पोरांना म्हणाली, "आपापला दाखवा."

एकही हात पुढे आला नाही.

"दाखवा ना. पाहुणे मुंबईहून आलेत. ज्याने जो केला त्याच्यासमोर उभं राहा." पोरं हलली, कपाटासमोर गेली, आणि घुटमळली. दोघी तर एकाच गणपतीसमोर उभ्या राहून भांडायला लागल्या. मग सिपोरा पाहुण्यांकडे वळली. "हे ह्या पोरांचं काम नाय. हे प्रविणचं काम आहे, आणि चांगलं आहे, त्याला शाबासकी द्या. पोरांचं काम ह्याच्या आत गाडलंय."

पाहुण्या बाई बिचाऱ्या गोंधळल्या. शरदसर हसत पुढे झाले. तेच हसू. "काय आहे, बाई आमच्या ज्यू आहेत. त्यांच्यात मूर्ती चालत नाही ना, त्यामुळे त्यांना जरा..."

वर्गात खिचडीच्या मावशी होत्या, चार पालक होते, सगळी पोरं होती. ज्या बाईने उभ्या जन्मात कोणाच्या देवाला एक वाकडा शब्द लावला नाही, तिच्या तोंडावर तिच्याच वर्गात हे.

"माझ्यात काय चालतं ते मी अष्टमीला ठेवून येते, सर," सिपोरा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डोळे काढलेला बाप्पा मोडत नाय, हे तुमच्यात. ते मी इतकी वर्षं पाळलं, म्हणून माझ्या वर्गात कोणाला डोळे काढू दिले नाय. तुम्ही एका शनिवारात विसरलात. आता माती द्या माझी."

"माती?"

"कोठी रिकामी आहे. सगळी माती त्या कपाटात आहे. उद्या पोरं काय मळणार?"

खरी भानगड इथे होती, आणि ती तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. तिने त्यावर उपायही काढला. पाहुणे गेल्यावर सरांच्या खोलीत गेली. म्हणाली, रीतसर करा. मावशींना सांगून नैवेद्य करा, पोरं आरती म्हणतील, अक्षता टाका, आणि कोठीत पाणी भरून कोठीतच विसर्जन करा. शाडू रात्रीत विरघळेल. रंगाचा तवंग वरून काढून टाकू, प्लॅस्टर गाळून घेऊ, खालची माती पोरांना परत. यात वावगं काय होतं? निम्मं पेण आता घरच्या बादलीत गणपती सोडतं.

शरदसर म्हणाले, "कपाटाचं उद्घाटन आजच झालंय, बाई."

आणि दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर फिरायला लागलं: ज्यू बाई बाप्पाला तांदळाच्या कोठीत बुडवायला निघालीय. कोणी सुरू केलं ते मला माहीत आहे, पण सिद्ध करता येणार नाही म्हणून लिहीत नाही. शाळेच्या फाटकाशी दोनचार बाप्ये उभे राहिले. शकूची आई टोपली घेऊन त्यांच्यामधून वाट काढत म्हणाली, "आमी घरी बालदीतच सोडतो रं! तुमी कंच्या समुद्रात सोडता? सरका." ती एकटीच बोलली. मासळीवालीला कोण विचारतो?

सिपोरा रोज येत राहिली. कोठी रिकामी. पोरं पत्रिकांवर कोळशाने काढत होती, आणि शुक्रवारचा शेवटचा तास आला की हात मांडीवर ठेवून बसत होती. मोडायला काही नव्हतं.

ओल्या मातीवर रंगाचं कातडं चढवलं की काय होतं, हे पेणला शेंबड्या पोराला विचारा. आतली ओल बाहेर यायला बघते, बाहेर वाट नसते. पंधरवड्यात पोटं तडकली. एकाची सोंड कपाटात दिव्याच्या माळेवर पडली. खंडित मूर्ती, आता तिला हात कोण लावणार? शिपाई लावेना, मावशी लावेनात, सरांना तर धीरच होईना. त्यांनी पुन्हा काळुरामच्या कारखान्यात निरोप धाडला. प्रविणने उलट सांगितलं, "मी नाय येणार. मना खोटं सांगितलंत." नंतर तो सिपोराकडे गेला होता, पार अष्टमीला, रविवारी. दारात मान घालून उभा. तिने त्याला आत घेतलं आणि एवढंच म्हणाली, "डोळे छान काढलेस रे." पोरगा तिथेच रडला. मी असते तर आधी एक कानाखाली दिली असती.

मग कपाट रिकामं करायचं ठरलं. ट्रॉलीवर फलक बांधला, 'पर्यावरणपूरक विसर्जन', आणि रंगाप्लॅस्टरसकट सगळे गणपती खाडीत सोडले. फोटो निघाले. पोरं रांगेत उभी होती. इतक्या वर्षांची माती डोळ्यांदेखत ओहोटीबरोबर चालली आणि वर सोनेरी तवंग तरंगत राहिला. आरती संपल्यावर जनूने तिचा पदर ओढला. "बाई, आता कोठी कशी भरायची?"

काळुराम शाडू आणत नाही, आणि आणला तरी सरांनी सांगून ठेवलं होतं की शाळेत माती नको, फरशी खराब होते. नळ आलेला नव्हता. अजूनही आलेला नाही.

जूनमध्ये तिला ठेवलं नाही. पटसंख्या कमी पडली म्हणाले. पोरं तेवढीच होती. पण कागदावर कमी असली की कमी. डिमोनाहून तिच्या भावाचा, एलियाहचा, वर्षानुवर्षं धोशा चालला होता की ये आता, तिथे तुझं कोण आहे? ह्या वेळी ती 'येते' म्हणाली.

तर सिपोरा, आता पुन्हा तुझ्याशी.

तू तीन महिन्यांसाठी म्हणून गेलीस. दुसरा पावसाळा सरला. तुझं जाणं मला पटलेलं नाही, आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही. भांडायला तुझ्यासारखी माणसं इथे लागतात, वाळवंटात नव्हे. त्या सोमवारी इतकं खणखणीत बोललीस आणि नंतर गप्प बसलीस, हे काय? पण असो. ते समोर आलीस की बोलू.

जाण्याच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणलास. ओल्या फडक्यात मुठीएवढा गोळा. शकूची निवटी. प्रविणने बाजूला ठेवलेली, त्या सगळ्या मातीतली उरलेली एवढीच. शकूने ती त्याच सोमवारी तुझ्यासमोर आपल्या हातांनी मोडली होती, म्हणालीस. शुक्रवारची राहिलेली म्हणून. आणि मला सांगितलंस, "मालतीबाई, शाळेत कलेचं कोणी नवं आलं, की त्यांच्या नव्या मातीत हा घाला. विरजण घालतो तसा. तेवढं एक काम करा."

मी वाट पाहिली. जाहिरात नाही, माणूस नाही. चित्रकलेच्या तासाला शकूच्या वर्गाला आता मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. शेवटी पुरस्काराची बातमी वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, तशी डबा पिशवीत घातला आणि मिनीडोर पकडून गेले. शरदसरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी विचारलं, कलेचे नवे शिक्षक कधी येणार?

"जागाच मंजूर नाही हो, मॅडम. पण काय आणलंत?"

मी डबा उघडून दाखवला. कशाची माती तेही सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"वा! द्या ना. कपाट रिकामंच आहे. मधल्या फळीवर ठेवू, खाली पट्टी लावू, वर एक छोटा दिवा. बाईंची आठवण."

मी झाकण लावलं. चहा यायच्या आत उठले.

डबा माझ्या स्वयंपाकघरात फडताळावर आहे. गोळा दगड झालाय. सुकला तर बिघडत नाही, पाण्यात टाकला की परत येतो, असं तूच म्हणाली होतीस. तुझं काम मात्र झालेलं नाही.